जोडीत पास बरोबर जातो, मग मॅचमध्ये काय होतं?

प्रश्न : नमस्कार सर, मी कोल्हापुरात आमच्या तालमीच्या दहा ते बारा वर्षांच्या पोरांना संध्याकाळी फुटबॉल शिकवतो. स्वतः पेठेच्या टीमकडून खेळलोय पण कोचिंगचा कोर्स वगैरे नाही. जोड्या लावून पासिंग घेतलं की पोरं एकदम भारी करतात, आणि मॅच सुरू झाली की सगळे बॉलच्या मागं एका घोळक्यात, नाहीतर बॉल आला की बघायचं नाही, पुढं मारून मोकळं. रोज अर्धा तास पासिंग घेतो तरी हे असंच. काय चुकतंय?

उत्तर : दादा, तुमचा अर्धा तास वाया गेलेला नाही, पोरांचा पाय तयार होतोय. पण जोडीतल्या सरावात पोराला काही ठरवावंच लागत नाही ना. समोर एकच जण उभा, बॉल त्यालाच द्यायचा, मधे अडवायला कुणी नाही. मॅचमध्ये एक-दोन सेकंदात बघायचं असतं की मोकळा कोण आहे, अंगावर कोण येतंय, पास द्यायचा का स्वतःच घेऊन पळायचं, आणि ह्याची सवयच नसल्यामुळं पोरगं गडबडून लाथ घालतं. म्हणून सरावात अडवणारा पाहिजेच.

चारास एकनं सुरू करा. दहा-बारा पावलांचा चौकोन, खुणेला ठेवायचे प्लास्टिकचे कोन नसतील तर चपला ठेवा, चार बाजूंना चार पोरं आणि मधे एक चोर. ह्यालाच रोंडो म्हणतात, योहान क्रायफ १९८८ मध्ये बार्सिलोनाचे कोच झाले तेव्हा त्यांनी ह्यावर फार भर दिला होता. बाहेरच्यांनी आपल्या बाजूवर सरकत राहायचं, कारण चोराच्या मागं लपलेल्याला पास जाऊच शकत नाही. हे सांगून कळत नाही, दोनदा बॉल गेला की पोरं आपोआप सरकायला लागतात.

मग दोनास एक, गोल ठेवून. माझ्या मते ह्या वयाला ह्याच्याइतका कामाचा सराव दुसरा नाही. डिफेंडर लांब असतानाच पास दिला तर तो आरामात दुसऱ्याकडं वळतो, फार उशीर केला तर बॉलच जातो. तो बॉलवाल्याकडं झेपावला, त्याचं वजन एका पायावर गेलं, की तेव्हा द्यायचा. आणि तो पासची वाट अडवून उभा राहिला तर पास द्यायचाच नाही, सरळ गोलवर जायचं. म्हणून 'तीन पास झाल्याशिवाय गोल नाही' असले नियम ह्या वयाला लावू नका, मी लावून बघितलेत, पोरं नुसती पास मोजत बसतात आणि समोर रिकामा गोल असला तरी मागं देतात.

आता मान वळवून बघणं. नॉर्वेचे संशोधक गेर योर्डेट यांनी प्रीमियर लीगच्या खेळाडूंचे व्हिडिओ तपासले, तर बॉल यायच्या आधी जे जास्त वेळा आजूबाजूला बघतात त्यांचे पास जास्त बरोबर पोचत होते. तुम्ही काय करा, बॉल घेणाऱ्या पोराच्या मागं उभं राहून बोटं दाखवा, बॉल पायाशी यायच्या आत त्यानं वळून आकडा सांगायचा. आठवडाभर करा, मग बोटांच्या जागी खरा डिफेंडर उभा करा, कारण शेवटी बघायचं त्यालाच आहे.

आणि एक कळकळीनं सांगतो, लाईनवरून उत्तर ओरडू नका. मी बरीच वर्षं 'डावीकडं दे, डावीकडं!' करत होतो. एका मॅचला माझा बारा वर्षांचा मिडफिल्डर बॉल पायात घेऊन थांबला आणि माझ्याकडं बघायला लागला, तेवढ्यात बॉल गेला. त्या पोराची नजर अजून डोळ्यासमोर आहे, त्याची विचार करायची सवय मी घालवली होती. आता मी खेळ थांबवून एवढंच विचारतो, 'तुला काय दिसलं?' त्याचं उत्तर ऐकून घेतो, कधीकधी त्याला दिसलेलं बरोबर असतं, फक्त पास हळू गेलेला असतो, मग तो शिकवायचा वेगळा. मैदानावर खडे असतील तर थोडा जोरात द्यायला सांगा.

प्रश्न : मी एका अकरा वर्षांच्या मुलीची आई. कोच म्हणतात पालकांनी ओरडायचं नाही. मग आम्ही करायचं काय?

उत्तर : ताई, टाळ्या वाजवा, अगदी मोठ्यानं. फक्त 'मार', 'पास दे' एवढं टाळा, कारण तुम्हाला कडेवरून सगळं मैदान दिसतं आणि तिला मधून दिसत नाही. तिचा पास चुकला पण बघून दिलेला होता, तर त्यालाही टाळी द्या. घरी जाताना गाडीवर मॅचचा विषय तिनं काढला तरच बोला, नाहीतर भूक लागलीय का विचारा.