गणपतीच्या सजावटीची एलईडी पट्टी रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत चालवता येते का, की अर्दुइनोचा तयार बोर्डच बरा? उगाच हौस तर नाही ना?

येते. पण तुम्ही प्रश्नाच्या शेवटी "उगाच हौस तर नाही ना?" असं जे जोडलंय, ते वाक्य मी सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघणाऱ्या चुलतभावाकडून, म्हणजे दादाकडून, दर गणपतीला ऐकतो. म्हणून लिहितोय.

आमच्या पंचवटीतल्या मंडळाची कमान. ३०० दिव्यांची डब्ल्यूएस२८१२बी पट्टी (प्रत्येक दिव्याला वेगळा रंग देता येणारी), ती चालवायला रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड, कोड रस्टमध्ये. घरी आठवडाभर झकास चालली. स्थापनेच्या संध्याकाळी कुणीतरी म्हणालं, आरतीला जरा झगमगाट वाढव. मूळ रंग १८० वर होता, त्यावर पडणारी चमक ४० ची होती, ती मी ८० केली. आरती सुरू झाली, बटण दाबलं, आणि अख्खी कमान जिथल्या तिथे गोठली. दादा टाळ वाजवता वाजवता कानाशी येऊन म्हणाला, "गंजलं रे तुझं रस्ट."

१८० अधिक ८० म्हणजे २६०, आठ बिटांत मावतात २५५. डीबग बिल्डमध्ये (चुका शोधायला बनवलेल्या आवृत्तीत) रस्ट अशा बेरजेवर पॅनिक करतं, म्हणजे प्रोग्राम तिथेच थांबवतं, आणि नवा डेटा आला नाही की हे दिवे शेवटचा रंग धरून बसतात. दुसऱ्या दिवशी प्रोब (बोर्डमधली चूक संगणकावर दाखवणारं उपकरण) लावला तर चूक ओळ क्रमांकासकट समोर. साध्या बेरजेच्या जागी सॅच्युरेटिंग अ‍ॅड, म्हणजे २५५ला थांबणारी बेरीज, टाकलं, दोन मिनिटांचं काम. दादाच्या सी भाषेत हीच बेरीज गुपचूप ४ झाली असती. चमकायच्या ऐवजी दिवा मंदावला असता आणि आम्ही दहा दिवस पट्टीला शिव्या घातल्या असत्या. दादाचं उत्तर, "निदान चालू तरी राहिली असती ना." इथे मी हात टेकले.

बरं, तुमचं. पिकोच घ्या. बिटामागे १.२५ मायक्रोसेकंदांचं टायमिंग पिकोमधला पीआयओ हा वेगळा भाग सांभाळतो, प्रोसेसर मोकळा. अर्दुइनोच्या उनो बोर्डवर नेहमीच्या निओपिक्सेल लायब्ररीत (दिवे चालवणाऱ्या तयार कोडमध्ये) ३०० दिव्यांना डेटा जाईपर्यंत ९ मिलिसेकंद इंटरप्ट, म्हणजे मध्येच येणाऱ्या कामांकडे लक्ष देणं, बंद. पिकोचा डेटा ३.३ व्होल्टचा, पट्टीला ३.५ लागतो, तेव्हा मध्ये व्होल्टेज वाढवणारी ७४एएचसीटी१२५ चिप टाका, ग्राउंड एकत्र जोडा. सगळे दिवे पूर्ण पांढरे केले तर १८ अँपिअरपर्यंत जातं, मोबाईलचा चार्जर लावू नका.

हां, गणपती आठ दिवसांवर असतील आणि रस्ट नवं असेल तर मुकाट अर्दुइनो घ्या. रिलीज बिल्डमध्ये (शेवटच्या वापराच्या आवृत्तीत) रस्टही अशा बेरजेवर आपणहून पॅनिक करत नाही, ते मुद्दाम चालू करावं लागतं. आणि अर्दुइनोच्या फास्टएलईडी या लायब्ररीत रंगांची बेरीज आपोआप २५५ला थांबते. हे दादाला अजून कळलेलं नाही.