किल्ल्यातली शाळा

प्रश्न : युरोपात तळ्याकाठच्या, समुद्राकाठच्या मध्ययुगीन किल्ल्यांत निवासी शाळा चालतात, असं वाचलं. इतक्या जुन्या वास्तूत मुलं ठेवली तर तिची नासधूस नाही का होणार?

उत्तर : तुमची काळजी समजते, पण माझं मत उलट आहे. वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचा सेंट डोनॅट्सचा किल्लाच घ्या. बांधकाम बाराव्या शतकापासूनचं. स्ट्रॅडलिंग घराण्याकडे तो चारशेहून अधिक वर्षं होता, १७३८ मध्ये तो वंश खुंटला. मोडतोड झाली ती पुढे, एका श्रीमंताच्या हौसेपायी. १९२५ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रमालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी किल्ला विकत घेतला आणि विल्टशायरमधल्या ब्रेडनस्टोक मठाच्या इमारती उतरवून त्यांचं लाकडी छत इथल्या दालनावर चढवलं. ब्रिटिश संसदेतही त्यावर आवाज उठला, पण मठ गेला तो गेलाच. आणि एवढं करून हर्स्ट तिथे फारसे राहिलेही नाहीत! मला याचा अजून राग येतो.

१९६२ पासून तिथे अटलांटिक कॉलेज आहे. मुलांची वसतिगृहं आवारात वेगळी बांधली आहेत. किल्ल्यात जेवणघर, ग्रंथालय वगैरे. रोजचा वावर असल्यामुळे छत गळलं तर लगेच कळतं. बंद वाड्यात ते कोण बघणार?

कॉलेजमागची कल्पना जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांची. देशोदेशीच्या सोळा ते एकोणीस वर्षांच्या मुलांनी एकत्र राहावं, शिकावं आणि अभ्यासाबरोबर समुद्रात अडकलेल्यांना वाचवायलाही जावं. खाली ब्रिस्टल चॅनेल, भरती-ओहोटीचा फरक प्रचंड, किनारा गोट्यांचा. हवा भरलेल्या बोटी त्या गोट्यांवरून ओढताना तळाचं कापड झिजून फाटायचं. पहिले मुख्याध्यापक, निवृत्त नौदल अधिकारी डेस्मंड होअर यांनी मुलांना हाताशी धरून तळाला प्लायवूड बसवून पाहिलं. मग वर्षानुवर्षं सुधारणा करत कडक तळ आणि कडेला हवेच्या नळ्या अशी बोट तयार झाली. आज बचाव पथकं, नौदलं, तटरक्षक दलं वापरतात ती हीच. १९६३ ते २०१३ या काळात किल्ल्याखाली जीवरक्षक बोटीचं केंद्र होतं आणि बोटीवर विद्यार्थीही असत.

पेटंट विकून होअर यांना मोठा पैसा करता आला असता. त्यांनी हक्क अवघ्या १ पौंडाला देऊन टाकले.