इंजिन तापल्यावर गाडी हळूहळू घरापर्यंत नेली तर चालतं का, आणि रेडिएटरमध्ये साधं पाणी पुरतं का?

नाही आणि नाही.

तुम्ही लिहिलंय की टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्याला टेकला, मग थोड्या वेळाने आपोआप खाली आला, म्हणून तुम्ही गाडी तशीच घरी आणली. आणि आता घरचे म्हणतायत की कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं द्रव) वगैरे सगळं फॅड आहे, नळाचं पाणी भर आणि चालव. हे वाचल्यावर मला राहवलं नाही. अगदी हेच, याच क्रमाने, माझ्या हातून घडलंय आणि त्याचं खापर अकरा वर्षं माझ्या माथ्यावर आहे.

गाडी वडिलांची होती. पेट्रोल, चार सिलिंडर, सात वर्षांची. देखभाल सगळी दादाकडे, त्यात कुणी बोललेलं त्याला खपायचं नाही. त्या दिवशी मी चालवत होते, दादा शेजारी, आई मागे. भर दुपार, लांबलचक चढ, एसी चालू. त्या गाडीचा काटा अर्ध्याच्या जरा खाली असायचा, सात वर्षांत मी तो तिथून हललेला पाहिला नव्हता. तो हलला तेव्हा मला लगेच दिसला. मी म्हणाले, "दादा, काटा चढतोय, बाजूला घेते."

"चढावर काटा चढणारच. एसी बंद कर आणि चल. वर पोचलो की उतरेल."

एसी बंद केला. हीटर पूर्ण उघडला, कारण हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आतला छोटा रेडिएटरच, तो इंजिनची थोडी उष्णता गाडीत ओढून घेतो, एवढं मला माहीत होतं. पायांवर चटके बसायला लागले. काटा लाल पट्ट्याला टेकला. मी डावा इंडिकेटर दिला, तेवढ्यात काटा खाली यायला लागला. एक-दोन मिनिटांत पार तळाला. हीटरमधून गार हवा यायला लागली.

"बघ, उतरला. उगाच घाबरतेस."

मी इंडिकेटर बंद केला. त्या दिवसातल्या सगळ्या गोष्टींपैकी या एकाच गोष्टीबद्दल मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही.

पुढे सहा-सात किलोमीटर गेलो. मग गाडी ओढेना, ॲक्सिलरेटर दाबला की आतून खडखड, आरशात पांढरा धूर, आणि एका वळणावर इंजिन बंद पडलं ते पडलंच.

काटा का उतरला होता? तो दाखवणारा सेन्सर पाण्यात बुडलेला असतो आणि पाण्याचं तापमान सांगतो. पाणी संपलं की सेन्सर उघडा पडतो, भोवती उरते ती हवा आणि वाफ, आणि धातूतली उष्णता त्याच्यापर्यंत नीट पोचतच नाही. इंजिन भट्टीसारखं तापलेलं असतं आणि काटा सांगतो की सगळं थंड आहे. हीटरमधून गार हवा आली तीही त्याचमुळे, आत फिरायला गरम पाणीच उरलं नव्हतं. त्यामुळे काटा वर जाऊन काही न करता झपकन खाली आला तर ती सुटका समजू नका. त्या क्षणी चावी फिरवून इंजिन बंद करायचं.

मेकॅनिकने हेड, म्हणजे इंजिनाचा सिलिंडरांवरचा भाग, उतरवलं तेव्हा मी तिथे उभी होते. दादा आला नव्हता. हेड पालथं करून त्याच्यावर सरळपट्टी ठेवली, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये पट्टीखालून उजेड दिसत होता. फट मोजायच्या फीलर गेजचं पातं तिथून सहज सरकलं. गॅस्केट, म्हणजे हेडखालची फट बंद ठेवणारा पातळ थर, नेमकं त्याच जागी जळून काळं झालेलं. डिपस्टिकवरचं (ऑइलची पातळी बघायच्या सळईवरचं) ऑइल दुधाळ, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं. मग त्यांनी वॉटर पंप काढून माझ्या हातात दिला. त्याच्या चक्रीची पाती लोखंडी पत्र्याची होती, ती गंजून इतकी पातळ झाली होती की अंगठ्याने दाबल्यावर कड चुरगळली. खालचा होज पाइप ओढला तर आतून तांबडा गाळ निघाला. तो पाइप ज्या धातूच्या नळीवर बसतो ती क्लॅम्पच्या खाली गंजून फुटली होती. पाणी गेलं ते तिथून.

म्हणजे पंप पाणी फिरवत नव्हता, नळी ते धरून ठेवत नव्हती, आणि हे एका दुपारच्या चढावर झालेलं नव्हतं. सात वर्षं कूलंटच्या टाकीत नळाचं पाणी ओतलं जात होतं, त्याचं ते फळ होतं.

दादाचं म्हणणं तेव्हाही हेच आणि आजही हेच, की जुन्या गाड्यांत लोक आयुष्यभर पाणीच घालत होते. बरोबर आहे. पण ती इंजिनं कसली होती? मोटारगाडीची सुरुवातच पाणी ओतण्यापासून झाली. कार्ल बेंझने १८८६ साली पेटंट घेतलं त्या तीनचाकी गाडीत पाणी उकळून वाफ होऊन जायचं आणि तीच इंजिन थंड ठेवण्याची रीत होती. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची बायको बर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली, शंभरेक किलोमीटर. तिने वीस्लोखला औषधाच्या दुकानातून इंधन म्हणून लिग्रोईन घेतलं, तुंबलेली इंधनाची नळी टोपीच्या पिनेने मोकळी केली, आणि मिळेल तिथे पाणी भरत गेली. लांब पल्ल्याचा पहिला मोटारप्रवास म्हणून तो सांगितला जातो. गाडी चालवणारीला यंत्राचं काय कळतं, असं मला कुणी म्हटलं की मला ती पिन आठवते.

पुढे इंजिनं मोठी होत गेली ती पाणी थंड करण्याची नवी युक्ती सापडली म्हणून. डाइमलर कंपनीसाठी विल्हेल्म मायबाखने १९००च्या अखेरीस ३५ अश्वशक्तीची पहिली मर्सिडीज तयार केली. तिच्या रेडिएटरमध्ये ६ मिलिमीटर चौकोनी अशा ८०७० बारीक नळ्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या बसवल्या होत्या. त्यामुळे अवघ्या ९ लिटर पाण्यात तेवढं इंजिन थंड राहायला लागलं. फोर्डच्या मॉडेल टी मध्ये तर सुरुवातीच्या सुमारे अडीच हजार गाड्या सोडल्या तर पंपच नव्हता. गरम पाणी आपसूक वर चढायचं, रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली यायचं. तापली की थांबायचं, पाणी ओतायचं, निघायचं. तिचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा खालचा भाग, बिडाचा, हेडही बिडाचं. तापली तर दोन्ही सारखीच फुगणार.

आजच्या इंजिनात बहुधा हेड ॲल्युमिनियमचं असतं, आणि आमच्या गाडीसारखा ब्लॉक बिडाचा असेल तर ॲल्युमिनियम त्याच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. १९७३च्या तेलसंकटानंतर गाड्यांचं वजन उतरवण्याची घाई झाली आणि ॲल्युमिनियम सगळीकडे आलं. ६६० अंशांना वितळणारा धातू, आणि त्याच्या पोटात जळणारा वायू क्षणभर २००० अंशांच्याही वर जातो. पेट्रोलमधून निघणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग हे पाणी वाहून नेतं. ते थांबलं की हेड फुगतं, पण बोल्टांनी आवळलेलं असल्यामुळे त्याला पसरायला जागा नसते, म्हणून ते वाकतं. मग गॅस्केट उडतं.

शिवाय आजची यंत्रणा दाबाखाली चालते. रेडिएटरच्या झाकणाच्या स्प्रिंगमुळे आत साधारण १ बार जादा दाब राहतो, त्या दाबाला पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, आणि त्यात अर्धं ग्लायकोल (कूलंटमधला मुख्य द्रव) असेल तर आणखी आठ-दहा अंश वर. म्हणूनच इंजिन तापलेलं असताना हे झाकण उघडायचं नाही. दाब सुटला की आतलं पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. कूलंटचं दुसरं काम मला याहून मोठं वाटतं, ते म्हणजे गंज रोखणं. त्यातली रसायनं धातूवर पातळ थर धरतात. ती काही वर्षांत संपतात, म्हणून कूलंट बदलायचं असतं, नुसती पातळी बघून भागत नाही. नळाच्या पाण्यात ती नसतातच, वर क्षार असतात, ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि थर्मोस्टॅटवर, म्हणजे पाण्याची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपेवर, बसतात. आमचा थर्मोस्टॅट पांढऱ्या खरपुडीने अर्धवट उघडा राहून अडकलेला होता.

आता काट्याबद्दल. माझा खरा राग इथे आहे. १९१०च्या दशकात गाड्यांना बॉइस मोटोमीटर नावाचा तापमापक लावत, थेट रेडिएटरच्या झाकणावर, बाहेर. चालवणारा काचेतून तो बघत बसायचा, कारण आपण आग घेऊन चाललोय हे त्याला ठाऊक होतं. मग १९१३ साली हायलंड पार्कच्या कारखान्यात फोर्डने सरकती जोडणी सुरू केली, एका चॅसीच्या जोडणीला साडेबारा तास लागायचे ते दीड तासावर आले, आणि मॉडेल टी १९२७पर्यंत दीड कोटी विकली गेली. यंत्राशी कधी संबंध न आलेली माणसं गाडी चालवायला लागली. ही फार चांगली गोष्ट झाली. पण त्यांना धास्ती वाटू नये म्हणून हा उद्योग यंत्राला चालकापासून झाकत गेला. तापमापक डॅशबोर्डवर आला, मग त्यावरचे आकडे गेले, बऱ्याच गाड्यांत आता काटाही गेला आणि नुसता दिवा उरला. जिथे काटा आहे तिथेही तो बहुतेक वेळा मुद्दाम सुस्त केलेला असतो. पाणी ८० अंशांवर असो की १०० वर, काटा तिथेच. तो हलतो तेव्हा तुमच्या हातात मोजकीच मिनिटं असतात. आकडा लपवायचं काही कारण नाही. मी आता गाडीच्या दोष-तपासणीच्या (OBD) सॉकेटमध्ये छोटं यंत्र लावून फोनवर आकडा बघते. ९०-९५ला गाडी खूश असते, गर्दीत १००च्या आसपास जाते आणि पंखा लागला की उतरते. पंधरा दिवसांत आपल्या गाडीची चाल कळते.

तुम्ही काय करायचं? गाडी आज चालवू नका. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना टाकीतली पातळी बघा, झाकण उघडून रेडिएटरमध्येही बघा. डिपस्टिक आणि ऑइलचं झाकण बघा, दुधाळ दिसलं तर चावीला हात लावू नका. पाणी कमी असेल तर ते कुठे गेलं हे सापडल्याशिवाय नुसतं भरून निघू नका. मेकॅनिककडून यंत्रणेला दाब देऊन गळती तपासून घ्या, गाडी ओढून न्यावी लागली तरी चालेल. कूलंट गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या प्रकारचंच घ्या. हिरवा-गुलाबी रंग बघून घेऊ नका, रंगाला काही ठरलेला अर्थ नसतो आणि वेगवेगळे प्रकार मिसळले तर काही वेळा गाळ धरतो.

दादाचं एक म्हणणं मात्र खरं आहे आणि ते मला सांगितलं पाहिजे. नुसतं पाणी उष्णता वाहून न्यायला ग्लायकोलच्या मिश्रणापेक्षा सरस आहे. शर्यतीच्या गाड्यांत बऱ्याचदा पाणीच असतं, कारण सांडलेलं ग्लायकोल रस्ता निसरडा करतं. पण ती इंजिनं सतत उघडली जातात, सात वर्षं बंद राहत नाहीत. वाटेत अडकलात, दुसरं काही नाही, तर इंजिन थंड होऊ द्या आणि मिळेल ते पाणी घाला, त्याने इंजिन मरत नाही. घरी आल्यावर मात्र सगळं काढून, धुऊन, नीट मिश्रण भरा. आणि जिथे थांबलात तर मागची गाडी येऊन आदळेल अशा जागी अर्थातच थांबू नका. हीटर उघडा, सुरक्षित जागेपर्यंत न्या, इंजिनापेक्षा माणसं महत्त्वाची.

दादा हे उत्तर वाचेल, मी त्याला पाठवणार आहे. दादा, घरात प्रत्येक कार्यक्रमाला तू सांगतोस की हिने बाबांचं इंजिन जाळलं. मी ते सहा-सात किलोमीटर चालवले, तेवढं माझं. पण पंपाची पाती मी खाल्ली नाहीत. तो पंप माझ्या कपाटात आहे, हवा तेव्हा येऊन अंगठ्याने दाबून बघ.

आणखी एक राहिलं. तुमची गाडी इलेक्ट्रिक असेल तर यातलं बरंचसं लागू नाही, पण तिच्यातही बॅटरी थंड ठेवायला बहुधा कूलंट फिरतं, आणि काही गाड्यांना वीज फारच कमी वाहू देणारं खास कूलंट लागतं. तिथे तर नळाचं पाणी चुकूनही नको.