मे महिन्यात अकोल्याच्या उन्हातून कोकणात गेलं तर खरंच गार वाटतं का?

तुम्ही विचारलंय, ४४-४५ अंशांतून सुटायला पाच दिवस समुद्रावर जावं की आपलं चिखलदराच बरं. माझं माहेर कोकणातलं गुहागर, सासर अकोला. हाच वाद आमच्या घरात अठरा वर्षं चाललाय, त्यामुळे मी कुणाच्या बाजूने बोलणार हे उघड आहे.

जा. फक्त ‘गार’ हा शब्द अकोल्यातच ठेवून जा. तिकडे मे महिन्यात पारा ३२-३४ च्या आसपास असतो. म्हणजे दहा-अकरा अंशांचा फरक. पण घाम वाळत नाही, आणि तिथेच आपली माणसं चिडतात.

आमच्या सासूबाईंचं पालुपद ठरलेलं: “तुमच्याकडं नुस्त्या घामाच्या धारा. आमच्याकडं कूलर तरी चालते.” सहा वर्षांपूर्वी अकोल्यात रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या, त्यात पाणी चार दिवसांआड. शेवटी त्या तयार झाल्या. सोबत काय घेतलं? पापडांचा डबा. “तिकडं दोन ऊनं देऊ.”

पहिल्या रात्री त्यांना झोप येईना. “अंगाले चिपचिप होते वं, कूलर लाव न.” मी सांगून पाहिलं की कूलर पाणी उडवून हवा थंड करतो, इथली हवा आधीच पाण्याने भरलेली, ती आणखी पाणी घेणार कुठे? ऐकतील तर शपथ. माझ्या भावाने बिचाऱ्याने कुठूनसा एक कूलर पैदा केला. रात्री दोनला त्याच उठून म्हणाल्या, “बंद कर हे.” चादर दमट, उशी दमट. सकाळी डबा उघडला तर पापड रुमालासारखे लोंबत होते. त्यांनी एक पापड माझ्यासमोर धरला आणि काही बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी मात्र चित्र फिरलं. आमचं आगर, म्हणजे नारळी-पोफळीची बाग, मागे पुळणीपर्यंत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूपर्यंत जातं, वर माडांची आणि पोफळींची सावली. अकराच्या सुमारास समुद्रावरून खारं वारं सुटलं की पडवीतल्या झोपाळ्यावर पंखासुद्धा लागत नाही. अकोल्यात ज्या वेळी दारं-खिडक्या लावून बसायचं, त्या वेळी आमच्या सासूबाई दार सताड उघडं टाकून, कोकम सरबताचा पेला पोटावर ठेवून घोरत होत्या. माझ्याकडे फोटो आहे. अकोल्यात आल्यावर शेजारणींना काय सांगितलं? “काई खरं नाही तिथलं, पापडबी वाळत नाही.”

तर मुद्दा असा, की दुपार सावलीत आणि वाऱ्यात काढायची तयारी असेल तरच किनारा सुख देतो. भर दुपारी वाळूत फोटो काढायला गेलात तर आमच्या सासूबाई बरोबर ठरतील, आणि ते मला परवडणारं नाही. खोली घेताना एसी आहे का यापेक्षा पडवी आहे का ते विचारा. वीज जाते तेव्हा पडवीच कामाला येते. चिखलदरा उंचावर आहे, रात्री बरं वाटतं, मान्य. पण समुद्र नाही आणि हापूस विकतच घ्यावा लागतो.

थोडं आधी सांगायला हवं होतं ते आता सांगते. मार्चमध्ये ‘उन्हाळा लागायच्या आत’ म्हणून जाऊ नका. त्या दिवसांत जमिनीवरून येणाऱ्या गरम वाऱ्यांनी खारं वारं अडलं की किनाराही भाजतो. मुंबईत सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश नोंदलेत. हवामान खातं उष्णतेची लाट म्हणायला जी पायरी धरतं, तीही किनाऱ्याला ३७ अंश आहे, मैदानाला ४०, ती उगाच नाही. मे संपता संपता समुद्र खवळायला लागतो, तेव्हा पोरांना गुडघ्यापुढे सोडू नका, स्थानिक माणूस नको म्हणाला की नको. कुणाला दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, दमट हवा सगळ्यांना सोसत नाही.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, मेची तिकिटं मार्चमध्येच बघा. गुहागरसाठी उतरायचं चिपळूणला, पुढे एसटी.

आणि घरातल्या मोठ्यांना ‘थंड हवा’ म्हणून नेऊ नका. मी तसं म्हटलं होतं. अजून ऐकवतात. यंदाही एप्रिलपासून विचारतायत, “तिकीटं काढली का वं?” गारव्यासाठी नाही हं, आमसुलं आणायची आहेत म्हणे.