चाळीस पानं तुझी, चाळीस माझी

प्रश्न: आमच्या सोसायटीत पदवीला शिकणारी एक दृष्टिहीन मुलगी आहे. तिचं १६० पानी पुस्तक आम्ही चौघींनी स्कॅन करून, ओसीआर करून (म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं संगणकाकडून मजकुरात बदलून) वर्डमध्ये तयार केलं. प्रत्येकीनं ४० पानं तपासली. तरी ती म्हणते, ‘काकू, मी पुस्तकात हरवते.’ आमचं काय चुकलं? आणि हे कायद्यात बसतं का?
– एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड

उत्तर: ताई, मी स्वतः जन्मापासून पाहू शकत नाही, एनव्हीडीए या पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर ऐकून वाचतो. तसा मीही अनेकदा हरवलोय. तुमची मेहनत वाया गेलेली नाही, फक्त पानं वाटण्याआधी नियम ठरायचे राहिले.

प्रकरणाचं नाव ठळक, मोठं, मधोमध केलं की तुम्हाला ते शीर्षक दिसतं. मला ते साधं वाक्यच ऐकू येतं. त्याला वर्डमधली ‘हेडिंग १’ ही स्टाइल दिली, की मी नुसतं ‘एच’ दाबत पुढच्या प्रकरणावर जातो. दोघींनी स्टाइल दिली, दोघींनी नाही, तर निम्मं पुस्तक त्या मुलीच्या हाताला लागतच नाही. पानांच्या आकड्यांचंही तेच. एकीनं ते कचरा समजून पुसले असतील, तर वर्गात सर ‘पान ७२ काढा’ म्हणतात तेव्हा तिनं काय करायचं? आणि पान ४० वर अर्धं राहिलेलं वाक्य ४१ वर जोडायचं कोणी? आधीच ठरवा, नाहीतर दोघींना वाटतं दुसरीनं केलं असेल.

आता तपासणी. ओसीआर ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गफलत करतं. एका पुस्तकात मी ‘घडा पहिला’, ‘घडा दुसरा’ असं ऐकत गेलो. तिसऱ्या वेळी कळलं की तो ‘धडा’ आहे! ‘घडा’ हाही खरा शब्द, म्हणून स्पेलचेक गप्प बसतं. तुमचे डोळे तर सवयीनं ‘धडा’च वाचतात. म्हणून एकीनं छापील पुस्तक समोर धरावं आणि संगणकाला मोठ्यानं वाचू द्यावं. हे काम अखेरीस एकाच व्यक्तीनं सगळ्या १६० पानांवर करावं. वेळखाऊ आहे, पण माझ्या मते सगळ्यात मोलाचं तेच.

कायद्याची काळजी नको. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अपंग व्यक्तीच्या स्वतःच्या वाचनासाठी, अभ्यासासाठी अशी प्रत करता येते. ती फाइल व्हॉट्सॲपवर सगळ्यांना मात्र पाठवू नका.

पुढचं पुस्तक घेण्याआधी सुगम्य पुस्तकालय या दृष्टिहीनांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात शोधा, कदाचित ते तयार मिळेल. प्रकाशक पुण्यातलाच असेल तर जाऊन फाइल मागून बघा. जुन्या फॉन्टमधली असली तरी युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदलता येते, स्कॅनिंगचं काम वाचतं. आणि पहिलं प्रकरण झालं की लगेच त्या मुलीला ऐकायला द्या. ती काय सांगते ते लिहून घ्या, मगच उरलेली पानं वाटा.