पोरगा सिनेमा करतो म्हणतो, काय करू?

झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातले, आईबाप पूर्वी पोरगा नाटकाच्या नादी लागला म्हणून काळजीत असायचे, आता सिनेमाच्या नादी लागला म्हणून असतात. समुपदेशक म्हणून माझ्यापुढे प्रश्न येतो तो एकच: यात पोट भरते का, आणि नाही भरलं तर नोकरीचं वय निघून गेल्यावर काय? सरसकट उत्तर देता येत नाही, म्हणून एका घरची गोष्ट सांगते. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

ब्रह्मपुरीकडचं गाव, अडीच एकर धानाची बांधी, म्हणजे भातशेत. मुलगा 26 वर्षांचा, बीए झालेला, लग्नाचं शूटिंग करणारा. वडिलांनी बसल्या बसल्या हिशेब मांडला. पोलीस भरतीला खुल्या प्रवर्गाची मर्यादा 28, म्हणजे दोनच वर्षं उरली. "मंग याचं का होईन, मॅडम?" मुलगा तोंड फिरवून बसलेला.

दोघांशी वेगवेगळं बोलले. मुलगा एकटा असताना मोकळा झाला. मुंबईचा एक माणूस त्याच्या कथेवर सिनेमा काढायला तयार होता. यानं 5 लाख आणायचे, दिग्दर्शक म्हणून नाव याचं, आणि सरकारी अनुदान आलं की पैसे दामदुप्पट. वडिलांना सिनेमाचं फारसं वावडं नव्हतंच, त्यांना कुणकुण लागली होती की हे 5 लाख बांधी विकून येणार. भांडण रोज भरतीवरून व्हायचं. जमिनीचं नाव घरात कुणीच काढत नव्हतं.

'स्वप्न सोड' आणि 'स्वप्नामागे धाव' ही दोन्ही वाक्यं समुपदेशकानं तोंडातून काढू नयेत, असं माझं ठाम मत आहे. मी व्यवहाराचंच बोलले.

अनुदानाचे आकडे गावात सगळ्यांना पाठ असतात: मराठी चित्रपटाला 'अ' दर्जाला 40 लाख, 'ब' दर्जाला 30 लाख. ते मिळतं कधी, हे फार कमी जणांना माहीत असतं. आधी सिनेमा पूर्ण व्हावा लागतो, सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, मग समिती तो बघून गुण देते. गुण कमी पडले तर काहीच नाही. म्हणजे या पैशावर सिनेमा उभा करता येत नाही, आणि आला तरी तो निर्मात्याकडे जातो.

दुसरी गोष्ट ऐकून मुलगा गडबडला. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता धरला जातो तो निर्माता. पडद्यावर दिग्दर्शक म्हणून नाव आलं तरी सिनेमा तुझ्या मालकीचा होत नाही. कथा मात्र लिहिणाऱ्याची. ती दुसऱ्याच्या नावे करायची तर लेखी करार लागतो, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा 5 वर्षं धरतो. "मग हे 5 लाख तू कोणत्या नात्यानं देतोयस? भागीदार म्हणून, की उसने?" त्यानं माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "विश्वास नाही का?" कागद काही आला नाही. मुलगा माझ्यावर रागावला आणि पुढच्या भेटीला आलाच नाही. आईच येऊन बसली, म्हणाली, जेवत नाही धड.

काही आठवड्यांनी तो परत आला तेव्हा खरं बोलणं झालं. त्याच्या डोक्यात करिअर म्हणजे मुंबई. तासाभराच्या वाटेवर झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं गाव वडसा आहे, दिवाळीत धान निघालं की होळीपर्यंत तिथल्या नाटक कंपन्या रोज रात्री कुठल्या ना कुठल्या गावात असतात, मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्तानं मंडळं त्यांना बोलावतात. नट, वादक, लाइट-साउंडवाले यांचं हंगामाचं पोट त्यावर चालतं. मी हे काढलं तर म्हणाला, "ते नाटकवाले हायेत, मॅडम." या तुच्छतेचा मला राग येतो, आणि तो मी लपवला नाही. रात्रभर हजारो माणसांना जागेवर बसवून ठेवणाऱ्यांकडून शिकायला मिळतं, वर पैसेही मिळतात.

तो एका कंपनीत लाइटवर गेला. उन्हाळ्यात लग्नांची कामं धरली. यूट्यूबवर झाडीबोलीतल्या छोट्या गोष्टी टाकायला लागला. जाहिरातीचा वाटा मिळवायला 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तास बघितलं जाणं लागतं. तिथवर तो अजून पोचलेला नाही, त्यामुळे ती कमाई आम्ही हिशेबात शून्यच धरली. पटकथा मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवून ठेवली आहे.

वडिलांना मी एवढंच विचारलं, किती पैसे बुडाले तर तुम्हाला झोप लागेल? बराच वेळ विचार करून म्हणाले, "एका सालच्या धानाचे. बांधी नाई." तोच आकडा आम्ही कागदावर लिहिला. त्यात बसेल एवढीच शॉर्टफिल्म त्यानं काढायची, बांधीचा सातबारा वडिलांच्याच नावावर राहायचा. लिहून झाल्यावर घरातलं वातावरण निवळलं, यापेक्षा मोठा दावा मी करत नाही.

पोलीस भरतीला तो एकदा उतरला, धावण्यात मागे पडला. तलाठ्यासारख्या पदांना खुल्या प्रवर्गातही 38 पर्यंत अर्ज करता येतो, हे कळल्यावर वडिलांची घाई जरा कमी झाली. शॉर्टफिल्म दोन महोत्सवांनी नाकारली. आता तो दुसरी लिहितोय, आणि यंदा तलाठीचा अर्ज भरायचा की नाही यावर घरात अजून वाद चालू आहे.