दिल्लीतले आणि इथले नेते भांडतात, त्यात कोकणातली गावं का फुटतात?

मला वाटतं नेत्यांना बाजू बदलता येते, गावातल्या माणसाला नाही, म्हणून. रिफायनरीचंच बघा ना, २०१८ ला दिल्लीत सौदी अरामको या तेल कंपनीबरोबर राजापूर तालुक्यातल्या नाणारच्या रिफायनरीचा करार झाला, तेव्हा शिवसेना केंद्रात पण सत्तेत आणि राज्यात पण, तरी कडक विरोध, शेवटी २०१९ च्या निवडणुकीआधी नाणार रद्द. मग जानेवारी २०२२ ला मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंनीच रिफायनरीसाठी त्याच तालुक्यातल्या बारसू गावची जागा सुचवणारं पत्र केंद्राला दिलं आणि मे २०२३ ला तेच बारसूत आंदोलकांच्या बाजूने येऊन उभे राहिले. राजकारणात हे चालतं हो, पण गावात एकदा कोणाला दलाल म्हटलं किंवा विकासाच्या आड येणारा म्हटलं की तो शिक्का पुसला जात नाही.

आमच्याच वाडीत दोन चुलत भाऊ, एकाची कातळावरची जमीन द्यायची तयारी, दुसरा आंदोलनात, सामायिक घराच्या पडवीत मधोमध पत्रा ठोकला आणि पिढ्यानपिढ्या एकच असलेला गणपती आता दोन ठिकाणी बसतो. चतुर्थीला म्हातारी काकू त्या पत्र्याला टेकून बसली होती, आधी कुठल्या आरतीला जाऊ विचारत होती.